आहे की नाही, एवढंच सांगा

संगणकाला विचारता येतील अशा प्रश्नांत ‘आहे का?’ हा सगळ्यांत सोपा. किती आहे, कुठे आहे, कुणाचं आहे, ही त्याची थोरली भावंडं. पण डेटाबेसच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या आम्हा लोकांना सगळ्यांत जास्त नाचवलं ते या शेंडेफळानेच. सोपा प्रश्न सरळ विचारावा, हेच मुळी आम्हाला मान्य नाही. घरात कुणी ‘साखर आहे का?’ म्हटलं तर आपण डब्याचं झाकण उघडतो, आत डोकावतो आणि ‘आहे’ म्हणतो. डबा ताटात पालथा करून दाणे मोजत बसणाऱ्याला घरचे डॉक्टरकडे नेतील. ऑफिसात मात्र तो रोज हेच करतो आणि दर एप्रिलला त्याला पगारवाढ मिळते.

या दाणे मोजण्याला आमच्यात काउंट स्टार म्हणतात. एखाद्या गिऱ्हाइकाच्या नावावर एक तरी ऑर्डर आहे का, एवढंच हवं असतं. म्हणून त्याच्या सगळ्या ऑर्डरी मोजायच्या, आलेला आकडा शून्यापेक्षा मोठा आहे का ते बघायचं, आणि मोठा निघाला की आकडा फेकून द्यायचा. वास्तविक एसक्यूएल भाषेत या कामासाठी एक्झिस्ट्स नावाची खास सोय आहे. पहिली जुळणारी नोंद सापडली की हा गडी थांबतो. आणखी दहा आहेत की दहा हजार, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. असा अलिप्त स्वभाव आपल्याकडे दुर्मीळ, म्हणूनच बहुधा त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

हे सगळं मला अगदी जवळून पाहायला मिळालं ते आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार थकबाकीदाराला समितीवर जाता येत नाही. त्यामुळे निवडणूक लागली की पहिलं काम म्हणजे सभासदांची यादी करायची आणि प्रत्येक नावापुढे एकच रकाना ठेवायचा : थकबाकी आहे की नाही. असेल तर १, नसेल तर ०. डेटाबेसवाले याला फ्लॅग म्हणतात. आमच्याकडे टेबलं दोनच होती, एक सभासदांचं आणि एक मेंटेनन्सच्या बिलांचं. प्रत्येक सभासद घ्यायचा, त्याच्या नावावर न भरलेलं एक तरी बिल आहे का ते विचारायचं, असेल तर १ लिहायचा, नाहीतर ०. केस व्हेन एक्झिस्ट्स, देन १, एल्स ०. चार-पाच ओळींची क्वेरी.

हे काम बी विंगमधल्या एका मुलाकडे गेलं, कारण तो हिंजवडीत नोकरीला आहे. सोसायटीच्या दृष्टीने हिंजवडीत जाणाऱ्या प्रत्येकाला लिफ्टच्या सेन्सरपासून काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. “तुला काय रे, पाच मिनिटांचं काम,” सचिव म्हणाले. पाच मिनिटांचं काम आहे असं सचिव म्हणाले की ते वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत चालतं, हे त्या मुलाला अजून कळायचं होतं.

पहिली यादी त्याने रीतसर मोजून केली. खरं तर ‘शून्यापेक्षा मोठा’ ही पुढची पायरीही त्याने लिहिली होती, पण छापताना मोजणीचा कॉलम तसाच राहिला. आकडा दिसल्यावर खजिनदार खूश झाले. “आलाच आहे तर राहू दे की!” यादी नोटीस बोर्डावर लागली आणि निवडणूक बाजूला राहून कुणाची किती बिलं तुंबली आहेत याचीच चर्चा सुरू झाली. दोन बिलंवाला सात बिलंवाल्याकडे तुच्छतेने बघू लागला. सात बिलंवाला म्हणाला, माझी सात बिलं म्हणजे पार्किंगचे चिल्लर आकार आहेत, त्याची दोन बघा केवढाली आहेत. फ्लॅगचं मोठेपण इथे कळतं. बारा रुपये व्याज राहिलेला आणि तीन लाख बुडवलेला, दोघांच्या पुढे सारखाच १. कमी थकबाकीदार आणि जास्त थकबाकीदार असला भेदभाव फ्लॅग करत नाही.

मोजण्याची ही खोड इतकी सार्वत्रिक आहे की एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस बऱ्याचदा ‘काउंट शून्यापेक्षा मोठा’ असं दिसलं की गुपचूप त्याचं एक्झिस्ट्स करून घेतो. चारचौघांत चूक काढत नाही, मूळ लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही, आणि तो पुढच्या कंपनीत जाऊन तेच लिहितो. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस मात्र तत्त्वाचा पक्का. मोज म्हणालात ना, मग मोजतो. त्यातून तिथे एकाच वेळी काम करणाऱ्या प्रत्येकाला टेबल थोडं वेगळं दिसू शकतं, त्यामुळे कुठली ओळ कुणाला दिसायला हवी हे तपासत तपासत मोजावं लागतं. एकूण किती, हे त्याने कुठेही आधी लिहून ठेवलेलं नसतं.

दुसऱ्या यादीच्या वेळी मुलाने मोजणं सोडलं आणि लेफ्ट जॉइन लावला. म्हणजे डाव्या हाताला सगळे सभासद, उजव्या हाताला त्यांची न भरलेली बिलं, जुळेल तिथे जोडायचं, जुळणार नाही तिथे मोकळं सोडायचं. उजवी बाजू भरलेली दिसली की १. ऐकायला चोख वाटतं. पण जॉइन हा भिडस्त प्राणी आहे. तीन बिलं जुळली तर तो कुणालाच नाही म्हणत नाही, सभासदाच्याच तीन ओळी करून मोकळा होतो. त्याच यादीवरून मतदारयादी काढली, तेव्हा ३०१ वाले तीनदा आले आणि वर्षभर एक पैसा न भरलेले ४०४ वाले बारादा. सहकारात एका सभासदाला एक मत. इथे जितकी थकबाकी जास्त, तितकी मतं जास्त असा प्रकार झाला. ए विंगमधल्या एका निवृत्त आजोबांनी यादी चष्म्याच्या वरून आणि खालून वाचली आणि यात नवीन काय आहे, असं विचारलं.

अशा वेळी नवशिक्या डेव्हलपरचा हात आपोआप जातो तो डिस्टिंक्टवर. एकसारख्या ओळी असतील त्यांतली एकच ठेव, बाकीच्या पुसून टाक. मुलाने डिस्टिंक्ट लावलं, तेही यादीत छापायच्या नाव आणि फ्लॅग या दोन कॉलमांवर. सी विंगमध्ये एका घराचे दोन फ्लॅट आहेत. आजोबा केशव माधव, त्यांचा मुलगा माधव केशव, आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे आजोबांचं नाव ठेवलेला नातू पुन्हा केशव माधव. आडनाव एक, थकबाकी दोघांचीही नाही. डिस्टिंक्टने आजोबा आणि नातू एकत्र करून टाकले. ते कळल्यावर आजोबा काही बोलले नाहीत, पण नातवाला म्हणाले, “तूच जा मतदानाला. मला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही.”

जॉइन वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. बिलाची तारीख, रक्कम, पावती नंबर हवा असेल तर तोच लागतो. पण फक्त असणं-नसणं तपासायचं असेल तेव्हा आणलेला पाहुणा घरातच राहायला येतो, ही त्याच्याबद्दलची तक्रार आहे. डेटाबेसच्या पोटात एक्झिस्ट्ससाठी जी क्रिया होते तिला सेमी-जॉइन म्हणतात. उजवीकडे बघायचं, पण तिकडचं काही उचलून आणायचं नाही, आणि डावीकडची ओळ फार तर एकदाच द्यायची.

खरा कहर तिसऱ्या यादीने केला. सचिवांना वाटलं, थकबाकीदारांची नावं लावून उगाच लोक दुखावतात, त्यापेक्षा ज्यांची थकबाकी नाही अशांचीच यादी लावू. सकारात्मक. मुलाने लिहिलं : न भरलेल्या बिलांवर ज्यांचा सभासद क्रमांक नाही, ते सगळे सभासद दे. यासाठी नॉट इन वापरतात. उत्तर आलं : कोणीही नाही. सबंध सोसायटीत निवडणूक लढवायला लायक असा एकही माणूस नाही. हे काहींना मनातून पटलं, पण खजिनदार हादरले, कारण त्यांनी स्वतः वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते.

भानगड एका बिलात होती. गच्चीवरच्या मोबाइल टॉवरचं एक बिल कुणाच्या नावावर टाकायचं यावर समितीत एकमत झालं नव्हतं, म्हणून सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवून ते नोंदवलं होतं. डेटाबेसमध्ये अशा रिकामेपणाला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, मोकळी जागाही नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. आता संगणकाचा युक्तिवाद बघा. एक बिल थकलेलं आहे. कुणाचं, माहीत नाही. ते १०१ वाल्यांचं नाही, असं छातीठोकपणे सांगता येईल का? नाही. मग १०१ यादीत नको. १०२ वाल्यांचं नाही असं सांगता येईल? तेही नाही. असं करत करत त्याने अख्ख्या सोसायटीला संशयाचा फायदा नाकारला. तर्कात तसूभर चूक नाही. इतका काटेकोर खजिनदार आजवर कुठल्याच सोसायटीला लाभला नसेल, आणि लाभला असता तर त्याला पहिल्याच सभेत घरी पाठवलं असतं.

हेच नॉट एक्झिस्ट्सने विचारलं असतं तर काही झालं नसतं. तो प्रत्येकाला स्वतंत्र विचारतो : या माणसाच्या क्रमांकाशी जुळणारं न भरलेलं बिल आहे का? बेवारशी बिल कुणाशीच जुळत नाही, ते आपलं टॉवरखाली पडून राहतं. बाकीची एसक्यूएल तीन तोंडांनी बोलते : हो, नाही आणि माहीत नाही. एक्झिस्ट्स दोनच उत्तरं देतो. बैठकीत ‘बघू’, ‘ठरवू’, ‘पुढच्या सभेत घेऊ’ असं न म्हणणारा एवढा एकच सदस्य.

या नलचं मूळ मोठ्या माणसाकडे जातं. एडगर कॉड हा इंग्रज गणिती दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक होता. पुढे आयबीएममध्ये असताना, जून १९७० मध्ये, त्याने ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. त्यावरून १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा केली. ते नाव एका ब्रिटिश विमाननिर्मात्या कंपनीने आधीच नोंदवून ठेवलेलं निघालं, म्हणून ते आखडून एसक्यूएल झालं. जगातल्या एवढ्या महत्त्वाच्या डेटाबेस भाषेचं बारसं करताना ‘हे नाव आधी कुणी घेतलंय का?’ हा प्रश्न वेळेवर विचारायचा राहिला, याचं मला फार समाधान वाटतं.

कॉडला पुढे वाटलं की एक नल पुरत नाही. १९९० च्या पुस्तकात त्याने दोन सुचवले : माहिती असायला हवी पण मिळालेली नाही, हा एक, आणि ती माहिती इथे लागूच होत नाही, हा दुसरा. म्हणजे मोबाइल नंबर आहे पण सांगितलेला नाही, आणि मोबाइलच नाही. दोन नल म्हणजे हो, नाही धरून एकूण चार उत्तरं. ख्रिस डेट हा त्याचाच जुना सहकारी, पण त्याचं म्हणणं अगदी उलट : नल मुळातच नको, हाकलून द्या. वाद काही मिटला नाही. मी हे आमच्या सचिवांना सांगितलं तर ते म्हणाले, तिसरा प्रकार राहिलाच. नंबर आहे, पण विचारायला गेलं की भांडतात.

गंमत म्हणजे कॉडच्या निबंधानंतर बरोबर पुढच्याच महिन्याच्या अंकात, जुलै १९७० मध्ये, बर्टन ब्लूम याने ‘आहे का?’ या प्रश्नाला उत्तर देणारी आणखी एक युक्ती छापली. तिला आज ब्लूम फिल्टर म्हणतात. ती अगदी थोड्या जागेत मावते आणि चटकन बोलते, पण तिची एक अट आहे. ती ‘नाही’ म्हणाली तर नक्की नाही. ‘आहे’ म्हणाली तर असेल, जाऊन बघा. कॅसँड्रासारखे मोठे डेटाबेस उगाच डिस्क चाळावी लागू नये म्हणून आधी तिला विचारतात. आमच्या सोसायटीत वर्गणीच्या बाबतीत नेमकं उलट चालतं. ‘आहेत’ म्हणाले तर पैसे नक्की मिळतात, ‘नाहीत’ म्हणाले तर पुन्हा रविवारी जाऊन बघावं लागतं.

एक्झिस्ट्सच्या पोटात काय लिहायचं यावरून डेव्हलपर लोकांत जी तंडातंडी होते ती वेगळीच. सिलेक्ट १ लिहिणारे स्वतःला काटकसरी समजतात. सिलेक्ट स्टार लिहिणाऱ्यांना ते उधळे म्हणतात, जणू सगळे कॉलम यांच्या खिशातून जाणार आहेत. ओरॅकलवर केस पांढरे झालेली मंडळी एकेरी अवतरणात एक्स लिहितात, का ते विचारलं की त्यांच्या गुरूंचं नाव घेतात. कुणी तिथे नल लिहितो, आणि तरी उत्तर ‘आहे’ असंच येतं, कारण ओळ सापडली हे महत्त्वाचं, ओळीत काय आहे हे नव्हे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर तुम्ही एक भागिले शून्य लिहा. एरवी शून्याने भागलं की थयथयाट करणारा तो डेटाबेस इथे हूं की चूं करत नाही. त्याने ते वाचलेलंच नसतं. कँटीनमध्ये या विषयावर चहाचे कप गार झालेले मी पाहिले आहेत, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो तिकडे बघतही नाही.

उत्तर आलं की ते ठेवायचं कशात, हा पुढचा घोळ. हो किंवा नाही, यासाठी बूलियन नावाचा प्रकार एसक्यूएलच्या मानकात १९९९ मध्ये आला. टेबलाच्या कॉलमात तो ठेवू द्यायला ओरॅकलला २०२३ उजाडलं. तोवर तिथली सगळी सृष्टी वाय आणि एन या दोन अक्षरांवर चालली, आणि कुठेतरी कुणीतरी छोटा वाय लिहिला की बंद पडली. मायएसक्यूएल म्हणतो, माझ्याकडे बूलियन आहे. प्रत्यक्षात तो उणे १२८ ते १२७ मधला कुठलाही अंक घेतो. तिथे ‘थकबाकी आहे का?’ या रकान्यात ७ लिहिता येतात. हे ७ ‘हो’च्या बरोबरीचे नाहीत, ‘नाही’च्याही बरोबरीचे नाहीत, पण नुसतं विचारलं तर ‘हो’ म्हणतात.

आमच्या खजिनदारांच्या जुन्या एक्सेलमध्ये हो, होय, आहे, नाही, ना, एक टिकमार्क आणि ‘सांगितलंय’ एवढी उत्तरं होती. मुलाने ती सगळी १ आणि ० करून घेतली, पण त्या एक्सेलमधून उचललेलं कॉलमचं नाव तसंच ठेवलं : ‘थकबाकी नाही’. वर ‘थकबाकी नाही’ आणि खाली, छापताना ० चं केलेलं ‘नाही’. २०६ वाल्या काकू बोर्डापुढे उभ्या राहून मोठ्याने वाचत होत्या. “थकबाकी नाही, नाही. म्हणजे आहे की नाही? आणि आहे म्हणायचंय तर सरळ म्हणा की, मला काय कुणाची भीती आहे?” फ्लॅगच्या नावात नकार घालू नये, हे मी ट्रेनिंगमध्ये कित्येक बॅचना सांगितलं असेल. काकूंइतकं समजावून सांगणं मला कधी जमलं नाही.

मग मुलाला शहाणपण सुचलं की दरवेळी क्वेरी कशाला चालवायची, फ्लॅग सभासदांच्या टेबलातच साठवून ठेवू. दुसऱ्या दिवशी सकाळी चार जणांनी यूपीआयने पैसे भरले. बिलं भरलेली दिसू लागली, फ्लॅग मात्र तिथेच १ वर ठाण मांडून. साठवलेला फ्लॅग हलवायला कुणीतरी लागतं, विचारलेल्या प्रश्नाला ते लागत नाही. शिवाय बिलाच्या टेबलावर सभासद क्रमांकाचा इंडेक्स घातला की एक्झिस्ट्स इतक्या लवकर उत्तर देतो की साठवून वाचवलं काय, असा प्रश्न पडतो. ते चौघे मात्र पावत्या घेऊन समितीच्या खोलीबाहेर उभे होते आणि संगणक अजून ‘थकबाकी आहे’ म्हणतोय, हे एकमेकांना अभिमानाने सांगत होते.

निवडणूक झाली. बिनविरोध, अर्थातच. नव्या समितीने उत्साहाच्या भरात हॉलचं बुकिंगही संगणकावर नेलं, आणि तिथे या प्रश्नाचं शेवटचं रूप दिसलं. त्या तारखेला कुणाचं बुकिंग आहे का? नसेल तर नोंद कर. हे दोन वेगळे टप्पे आहेत, आणि मधल्या फटीत कुणीही शिरू शकतं. एका घरी मुंज होती, दुसऱ्या घरी डोहाळजेवण. दोघांनीही एकाच क्षणी विचारलं, दोघांनाही खरं उत्तर मिळालं, ‘नाही’, आणि दोघांनीही नोंद केली. एक्झिस्ट्स यात निर्दोष आहे. त्याने त्या क्षणापुरतं सांगितलं होतं. पुढच्या क्षणाची हमी त्याने घेतलेली नव्हती.

यावर उपाय म्हणजे आधी विचारायचंच नाही. तारखेवर युनिक इंडेक्स घालायचा, म्हणजे एका तारखेला एकच नोंद, आणि सरळ नोंद करायची. जागा गेलेली असेल तर डेटाबेस स्वतःच हाकलून देतो. पोस्टग्रेसमध्ये जानेवारी २०१६ पासून, म्हणजे ९.५ या आवृत्तीपासून, आधीच नोंद असेल तर काय करायचं तेही नोंद करतानाच सांगता येतं, ऑन कॉन्फ्लिक्ट म्हणून. मुलाने युनिक इंडेक्स घातला. पुढचं ‘काय करायचं’ लिहायला सवड झाली नाही.

त्यामुळे पुढच्याच आठवड्यात २०६ वाल्या काकूंनी भिशीसाठी तारीख टाकली, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत संदेश आला : डुप्लिकेट की व्हॅल्यू व्हायोलेट्स युनिक कन्स्ट्रेंट. त्या तारखेला ज्येष्ठ नागरिक संघाची सभा होती. काकूंनी संदेश दोनदा वाचला, फोनवर त्याचा फोटो काढला आणि तडक सचिवांचं दार वाजवलं.

“अहो, हे बघा, हॉलच्या डुप्लिकेट कीचं काहीतरी म्हणतोय.”

सचिवांनी फोटो लांब धरून पाहिला, मान डोलावली, आणि आतल्या खुंटीवरून हॉलची डुप्लिकेट किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.